बहिणीची सही : हक्क कायद्याचा, निर्णय नात्याचा

वडिलांचे दिवसकार्य उरकले, की महिन्या-दोन महिन्यांत सासरी असलेल्या मुलीला माहेरून फोन येतो : "ताई, तुझी एक सही लागते आहे." ही सही ज्या दस्तावर हवी असते त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. वडिलोपार्जित जमिनीत आणि घरात आपला जो हिस्सा आहे तो आपण भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहोत, असे त्यात लिहिलेले असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवला जातो, त्याच्या आधारे फेरफार, म्हणजे महसुली दप्तरातला नावबदल, होतो आणि सातबाऱ्यावरून मुलीचे नाव कमी होते. जमीन शहरालगत असेल तर कोट्यवधींची मालमत्ता या एका सहीने भावाकडे जाते आणि बहुतेक दस्तांत मोबदला म्हणून काहीच लिहिलेले नसते.

असे का होते, याची दोन ठरलेली उत्तरे ऐकायला मिळतात. एक, बायकांना कायदा माहीत नसतो. दुसरे, भाऊ लबाड असतात. दोन्ही उत्तरे काही घरांपुरती खरी आहेत, पण आपला समान हिस्सा आहे हे पक्के ठाऊक असलेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रियाही सही करतात, आणि ज्यांच्यासाठी करतात ते भाऊ एरवी जीव लावणारे असतात, ही गोष्ट त्या उत्तरांत बसत नाही. ती समजून घ्यायची तर हक्काकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावे लागते. कायदा हक्क एकेका व्यक्तीला देतो, पण तो बजावायचा असतो कोणा दुसऱ्या माणसासमोर. तो माणूस परका असेल, म्हणजे दुकानदार, बिल्डर किंवा विमा कंपनी असेल, तर मागणी केली आणि बिनसले एवढ्यावर विषय संपतो. समोर सख्खा भाऊ असला, तर त्याच मागणीची किंमत निराळी होते. हक्क कागदावर सारखाच राहतो, पण तो मागण्याचा अर्थ, धोका आणि फळ ही तिन्ही नात्याने ठरतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. इथे हिंदू उत्तराधिकार कायद्यापुरताच विचार केला आहे; त्याच्या कक्षेत बौद्ध, जैन आणि शीखही येतात, अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही, आणि मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे वारसानियम वेगळे आहेत.

१९५६ च्या मूळ कायद्याने मुलीला वडिलांची वारस मानले, परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा फक्त मुलग्यांना होता. फरक केवढा पडत असे, हे हिशेबाने चटकन दिसते. समजा, नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, आई आधीच वारली आहे आणि वडिलांच्या मागे दोन मुलगे व एक मुलगी आहे. जुन्या नियमाने आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात मनोमन वाटप करायचे, म्हणजे प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांच्या तीन एकरांत तिन्ही मुलांना एकेक एकर. शेवटी मुलग्यांच्या वाट्याला चार-चार एकर आणि मुलीला एक. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार झाली, आणि त्याच नऊ एकरांत आता तिघांचे तीन-तीन एकर होतात. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल वेगवेगळे होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे आणि विक्री यांना धक्का लागणार नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता हा वेगळा विषय आहे. तिच्यात मृत्युपत्र नसेल तर सर्व मुलांचा समान वाटा, आणि मृत्युपत्र असेल तर वडिलांची इच्छा.

नाते बाहेर समाजात आणि कायदा मात्र कोरा, असे समजण्याचे कारण नाही. नाते कायद्याच्या मजकुरातच शिरलेले होते, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. केंद्राच्या अकरा वर्षे आधी, २२ जून १९९४ पासून, राज्याने मुलींना सहहिस्सेदार केले. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते, पण त्याला एक अपवाद जोडलेला होता : त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले तिला हा हक्क नाही. एकाच आईच्या पोटच्या दोन बहिणी, थोरलीचे लग्न मे महिन्यात आणि धाकटीचे डिसेंबरात; धाकटी सहहिस्सेदार, थोरली नाही. भावाचे लग्न कधी झाले, हे मात्र कायद्याने विचारले नाही. 'लेक दिल्या घरची' ही समजूत कलमाच्या भाषेत आली ती अशी.

राहत्या घराचे कलम २३ त्याहून बोलके होते. वडील गेल्यावर घरात पुरुष वारस राहत असतील, तर त्यांनी होऊन वाटणी करेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. तिला राहण्याचा हक्क होता, पण तोही ती अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्याने टाकलेली असेल किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली असेल तरच. म्हणजे सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या घरात पाहुणी म्हणून जागा, आणि संसार मोडला तरच आसरा म्हणून हक्क. माहेराची जी अलिखित रीत तीच कायद्यात लिहिली गेली होती. २००५ मध्ये हे कलम काढून टाकले. रीत मात्र काढून टाकता येत नाही, आणि आजची हक्कसोडपत्रे बरीचशी त्या रद्द झालेल्या कलमाच्याच नियमाने चालतात : सासरी बरे चाललेल्या मुलीने हिस्सा मागणे वाईट दिसते, आणि परत आलेल्या मुलीला 'द्यायला हवे' असे चार लोक म्हणतात.

हक्कसोडपत्राचा मजकूर एकदा नीट वाचून पाहावा. जिल्हा कोणताही असो, साचा जवळपास एकच असतो. "माझे लग्न वडिलांनी व भावांनी खर्च करून थाटात लावून दिलेले आहे. मी माझ्या सासरी सुखासमाधानाने नांदत आहे. मला सदर मिळकतीची गरज नाही. सबब मी माझा अविभक्त हिस्सा, कोणताही मोबदला न घेता, केवळ भावाबहिणीच्या प्रेमापोटी, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, कायमचा सोडून देत आहे." कायद्याच्या दृष्टीने हिस्सा सोडायला यातील पहिल्या तीन वाक्यांची काहीच जरुरी नाही. लग्नाचा खर्च वारसाहक्कातून वजा होतो, असे कोणतेही कलम सांगत नाही, आणि सासरी सुखात असल्याने हिस्सा कमी होत नाही. तरी ती वाक्ये बहुतेक दस्तांत असतात, कारण तो दस्त कायद्याबरोबर नात्यालाही हिशेब देत असतो.

हा दस्त होतो कसा, तेही बघण्यासारखे आहे. वकील किंवा दस्तलेखक भावाने ठरवलेला असतो. मसुदा त्याच्या सांगण्यावरून होतो. बहिणीला आणायला गाडी जाते, ओळख पटवणारे दोन साक्षीदार भावाच्या माहितीतले असतात, आणि पुष्कळदा मजकूर तिच्या हाती प्रथमच पडतो तो कार्यालयाच्या बाकावर, टोकन नंबर यायला दहा मिनिटे उरलेली असताना. मग फोटो, अंगठा, सही. दुय्यम निबंधक विचारतात, "दस्त मान्य आहे ना?" ती हो म्हणते. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोडपत्र करायला मुद्रांकही काही शे रुपयांचाच लागतो. शासनाने ही सवलत कुटुंबातले व्यवहार सोपे व्हावेत म्हणून ठेवली आहे, आणि तो हेतू गैर नाही. फक्त ती हक्क सोडणे जेवढे स्वस्त करते तेवढे हक्क मागणे स्वस्त होत नाही. दिवाणी दाव्यात हिस्सा पदरात पडायला लागणारी वर्षे कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात चौकशी केली तर कळतात.

मग ती हो का म्हणते? माझ्या मते याचे उत्तर माहेर या गोष्टीत आहे, आणि ते भावनिक जेवढे आहे तेवढेच व्यावहारिक आहे. सासरी काही बिनसले तर चार दिवस जाऊन राहता येईल असे एक घर, बाळंतपणाला हक्काची जागा, नवरा हात उगारतो हे कळल्यावर येऊन बोलणारा कोणी पुरुष माणूस, मुलीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहणारा भाऊ, भाऊबीज आणि दिवाळीची साडी : हे सगळे मिळून एका स्त्रीचे सासरातले वजन ठरवतात. जिला माहेर आहे तिच्याशी सासरचे लोक वेगळ्या पद्धतीने वागतात, हे कोणीही सांगेल. जमिनीच्या तीन एकरांच्या बदल्यात हे सगळे पणाला लावायचे का, असा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो. आईवडील गेल्यावर या घराचा दरवाजा भाऊ आणि वहिनी यांच्या हातात असतो, आणि नेमक्या त्याच वेळी सही मागितली जाते. तिला पेन्शन नसेल, स्वतःच्या नावावर घर नसेल, तर भावाचे घर हाच तिचा आपत्कालीन निधी, आणि हक्कसोडपत्र हा त्याचा एकरकमी हप्ता.

गंमत अशी, की हा हप्ता भरल्यावर निधी मिळेलच याची लेखी हमी कोणी देत नाही. तिने सोडलेला हक्क नोंदणीकृत असतो, तिला मिळणारे माहेरपण मात्र तोंडी. भाऊ वारला, भाचे मोठे झाले, शेत विकले गेले, की त्या तोंडी करारातला दुसरा पक्षच उरत नाही.

भावाची बाजूही इथे मांडली पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटे ठरेल. ज्याने वीस वर्षे ती जमीन कसली, विहिरीचे कर्ज फेडले, आईचे दुखणे काढले, त्याला अचानक समान वाटणी म्हणजे अन्याय वाटतो, आणि त्या वाटण्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. वारसा कायदा फक्त नाते मोजतो. आईवडिलांना कोणी सांभाळले, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. दवाखान्याची बिले कोणी भरली आणि रात्री उशाशी कोण बसले, याला कायद्यात एक गुंठाही मिळत नाही. कुटुंबात मात्र तोच हिशेब आधी होतो. काही बहिणी हे मनापासून मान्य करून हिस्सा सोडतात, आणि त्यांना भोळ्या ठरवणे हा त्यांचा अपमान आहे. अडचण एवढीच, की आईला सांभाळणाऱ्या बहिणीच्या बाबतीत तोच हिशेब सहसा लावला जात नाही. तिच्या लाभात भावाने हक्क सोडल्याचे दस्त विरळा.

तेव्हा राजीखुशी खरी की नाही, हे सहीवरून कळत नाही. एक साधी कसोटी लावता येते : ती नाही म्हणाली असती, तर काय झाले असते? चार दिवस अबोला राहून पुन्हा भाऊबीज झाली असती, तर तिने सोडलेला हिस्सा भेट समजावा. घरचे दार कायमचे बंद झाले असते, तर ती भेट नव्हे. भारतीय करार कायद्याच्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची व्याख्या अशीच नात्याच्या अंगाने केलेली आहे. दोघांतील संबंधच असे असतील, की एकाला दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येते, आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला असेल, तर करार रद्द ठरवून घेता येतो. कायद्याला नात्याचे बळ कळते, असा याचा अर्थ. पण ते सिद्ध करायचे तर बहिणीला न्यायालयात शपथेवर भावाने आपल्याला दाबले असे सांगावे लागते, आणि वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ज्या नात्याला जपण्यासाठी सही केली ते नाते तीन वर्षांत जाहीरपणे मोडायला फार थोड्या स्त्रिया तयार होतात.

फी किंवा वकिलाचा खर्च ही यातली मुख्य अडचण नसते, हेही यावरून लक्षात येईल. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात १९९४ पासून कौटुंबिक मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ज्यांना नातेच मोडायचे नाही त्यांच्यासाठी या सवलती कपाटातच राहतात.

नात्याच्या नजरेने हक्क वाचण्याची सवय सरकारी दप्तरालाही आहे, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण पुष्कळ स्त्रियांचा हक्क हक्कसोडपत्राच्या कितीतरी आधी, वारस नोंदीतच, बारीक होतो. खातेदार वारला, की तलाठ्याकडे वारसांचा अर्ज जातो, गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार. अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र आणि जी वंशावळ जोडली जाते त्यांत जुन्या काळी मुलींची नावे सरळ गाळली जात. आजही गाळलेली सापडतात. नाव लिहिले तरी जागा वेगळी. जुने सातबारे काढून पाहिले, तर मुलगे कब्जेदाराच्या रकान्यात आणि आई व बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात, विहिरीच्या वाट्याच्या आणि सोसायटीच्या बोजाच्या शेजारी, अशी मांडणी जागोजाग दिसते. दुसरी पद्धत 'ए.कु.मॅ.' नोंदीची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागायचे आणि बाकीच्यांचे हक्क त्या तीन अक्षरांमागे झाकले जायचे. दोन पिढ्यांनंतर त्या थोरल्याची मुले म्हणतात, सातबारा आमच्या वडिलांचा आहे.

महसुली नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा नसते, हे न्यायालयांनी असंख्य वेळा सांगितले आहे. फेरफाराने हक्क मिळत नाही आणि फेरफारात नाव नसल्याने तो जात नाही. पण रोजचे जगणे न्यायालयाच्या निकालावर चालत नाही, सातबाऱ्यावर चालते. पीककर्ज, विमा, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, शेतकरी असल्याचा दाखला, सगळे त्या एका उताऱ्यावर अवलंबून. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आढळले. शेतात राबणाऱ्या बायकांची संख्या आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावेत.

आता समजा, बहिणीने सही केली नाही आणि तिचे नाव सातबाऱ्यावर लागले. हिस्सा मिळाला, असे म्हणता येईल का? तिच्या नावावर एक एकर आहे, पण विहीर भावाच्या तुकड्यात आहे आणि पाण्याची पाळी तो ठरवतो. रस्ता त्याच्या बांधावरून जातो. ती दोन तालुके पलीकडे राहते, त्यामुळे पेरणीला बैलजोडी किंवा ट्रॅक्टर सांगायचा, मजूर बघायचे, राखण करायची, तर गावातलेच कोणी हवे, आणि गावातले लोक भावाशी वाकडे घ्यायला तयार नाहीत. ती विकायला काढते. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, ही एक अट. तिचा तुकडा प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान असेल, तर तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याने तो सर्वसाधारणपणे लगतच्या जमीनधारकालाच देता येतो, ही दुसरी. लगतचा धारक कोण? भाऊ. शिवाय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क सहवारसांना असतो, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. 'मेहुणे जमीन परक्याला विकून मोकळे होतील' ही भावाची जी भीती असते तिच्यावर कायद्याने उपाय केलेला आहे, ही यातली चांगली बाजू. पण खरेदीदार एकच उरला, की भावही तोच ठरवतो. नकाशावर तिचा एक एकर भावाच्या एक एकराएवढाच दिसतो. बाजारात त्याची किंमत ती भावाशी बोलते आहे की नाही, यावर ठरते.

नात्याने हक्काला वळण दिले, हे झाले. उलटही घडले, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. जोवर बहिणीला जन्मतः हक्क नव्हता तोवर तिला फोन करण्याची फारशी गरज पडत नसे. २००५ नंतर जमीन विकायची, बँकेत तारण ठेवायची, बिल्डरला विकसनाला द्यायची किंवा भूसंपादनाचा मोबदला उचलायचा, तर तिची सही लागते. बिल्डरचा वकील वंशावळ मागतो, आत्यांचीही नावे विचारतो, आणि चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या वृद्ध आत्येकडे पेढे घेऊन माणसे जातात. न बजावलेला हक्कही असा काम करतो. सही देण्याआधी काही बोलता येते : आईच्या नावावर दोन एकर ठेवा, माझ्या मुलाच्या शिक्षणाला मदत करा, मोबदल्यातला एवढा भाग द्या. शहरांच्या आणि महामार्गांच्या कडेला जमिनीचे दर वाढले तिथे हे बोलणे उघडपणे होऊ लागले आहे. १९९४ च्या दुरुस्तीचा महाराष्ट्र आणि कर्नाटकात काय परिणाम झाला, हे अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा मुलींना जमीन मिळण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले, पण मुलगे आणि मुली यांच्यातील अंतर मिटले नव्हते. वरची चर्चा ध्यानात घेतली, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजते.

विधवा सुनेचे गणित याहून कठीण असते. बहिणीला निदान जाऊन राहायला दुसरे घर असते; ही मात्र ज्यांच्याकडे हिस्सा मागायचा त्यांच्याच घरात राहत असते. नवऱ्याच्या हिश्शात ती पहिल्या वर्गाची वारस आहे, सासरे वारल्यावर मृत मुलाची विधवा म्हणून त्यांच्या मालमत्तेतही आहे. पण सासरे हयात असून जमीन त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर आज मागण्यासारखे तिच्या हाती फारसे नसते. मुलांना घेऊन माहेरी गेली, तर 'घर सोडून गेली' म्हणून गावात तिचा शब्द पडतो, आणि राहिली तर वारस नोंदीचा विषय काढणे म्हणजे रोजच्या भाकरीत खडा. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला, त्यात नवऱ्यांनी हयातीतच पत्नीच्या नावावर जमीन करून द्यावी, असे आवाहन होते, आणि पुढे शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. या उपायातली मर्मदृष्टी अशी, की वाद उभा राहायच्या आत, नाते गोड असताना, नोंद करून टाकायची. मर्यादाही तिथेच : नवऱ्याच्या मनात आले तर.

गोव्याकडे पाहिले, की केवळ कलम बदलून भागत नाही, हे आणखी स्पष्ट होते. तिथे पोर्तुगीज काळच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत, आणि निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव असल्याने मृत्युपत्र करूनही मुलीला पूर्णपणे डावलता येत नाही. महाराष्ट्रातील मुलीपेक्षा तिची कायदेशीर स्थिती कितीतरी आधीपासून भक्कम आहे. हक्क सोडून देण्याचे दस्त गोव्यातही होतात.

मग करायचे काय? हक्क घ्यायचा किंवा नाते राखायचे, अशी दोनच टोके समोर ठेवली, तर बहुतेक स्त्रिया नाते निवडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. या दोहोंच्या मध्ये बरीच जागा असते, आणि तिचा वापर फार कमी होतो. हक्कसोडपत्र एकाच गट क्रमांकाच्या जमिनीपुरते करता येते. सर्व मिळकतींचे एकदम करण्याचे बंधन नाही, त्यामुळे शेत भावाला आणि गावठाणातल्या घरात आपला हिस्सा कायम, असेही ठरवता येते. मसुदा आठ दिवस आधी मागून आपल्या माणसाकडून वाचून घेता येतो. मोबदला ठरला असेल, तर तो दस्तात लिहून बँकेतून घ्यावा. तोंडी वाटप पूर्वीच झाले होते, असे भाऊ म्हणत असेल, तर नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा कुठे आहे, हे विचारता येते; विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटपाचा बचाव फक्त अपवाद म्हणून, आणि सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल तरच, मान्य केला आहे. सासरच्या माणसांनी पुढे होऊन बोलणे मात्र बहुतेकदा काम बिघडवते, कारण मागणी बहिणीची न राहता 'मेहुण्यांची' होते आणि भावाला राग धरायला सोयीचे जाते.

आणि पुष्कळ घरांना पटण्यासारखी एक वाट आहे : वाटणीही नको, हक्कसोडपत्रही नको. वारस म्हणून सर्वांची नावे कब्जेदाराच्या रकान्यात लावून घ्यायची आणि जमीन भावानेच कसायची, धान्य किंवा वार्षिक रक्कम काय द्यायची, ते साध्या लेखी समजुतीने ठरवायचे. सहहिस्सेदारांपैकी एकाची वहिवाट ही कायद्याने सर्वांच्या वतीने असते, त्यामुळे भाऊ वर्षानुवर्षे कसतो म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. बुडण्याचा धोका सुरू होतो तो भावाने तिचा हिस्सा उघडपणे नाकारला तर. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळले आहे हे कळल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाते. म्हणून नावावर आक्षेप घेणारी फेरफाराची नोटीस घरी आली, तर ती भावाचा राग येईल म्हणून बाजूला ठेवू नये. मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत नोंदवावी, पोच घ्यावी, आणि त्याच दिवशी भावालाही स्वतः फोन करून तसे सांगावे.